कष्टाचा ताळेबंद

महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केल्यामुळें प्रस्तुत लेखकास एक खोड जडली आहे. कोणताहि तक्ता हातीं आला कीं, त्यांतील प्रत्येक रकमेसमोर 'कशासाठीं' हा रकाना भरलेला आहे कीं कोरा, हें तो आधीं पाहतो. रक्कम मोठी आणि रकाना कोरा असला म्हणजे कोठें तरी पाणी मुरतें आहे असें समजावें, हा दप्तरांतील जुना धडा आहे. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां हाच नियम मीं आमच्या घरच्या शेतीस लावून पाहिला. पैशाचा हिशेब बराच ठीक निघाला. परंतु कष्टाचा हिशेब मांडावयास बसलों, तेव्हां निम्म्याहून अधिक नोंदींसमोर 'कशासाठीं' याचें उत्तर मला देतां येईना. त्या कोऱ्या रकान्याची हकीकत शेतकरी बंधूंपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपणां शेतकऱ्यांत एक समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. जमीन जें कांहीं देते तें छळ सोसल्यावांचून देत नाहीं. जें सहज मिळालें तें टिकाऊ नव्हे. आणि जो थकला नाहीं त्यानें काम केलें नाहीं, अशी ती समजूत. आमचे वडील संध्याकाळीं ओसरीवर बसले म्हणजे, आज काय काम उरकलें हें न विचारतां, अंग किती दुखतें हें विचारीत. अंग दुखत नसेल तर दिवस फुकट गेला, असा त्यांचा हिशेब असे. कष्ट हें पिकाचें साधन आहे हें मागें पडून, कष्ट हेंच जणूं पीक, असें आमच्या घरांत होऊन बसलें होतें.

तीच समजूत घेऊन मी कचेरींत गेलों. जो कारकून दिवे लागेपर्यंत बसतो तो कामसू, आणि ज्याचें दप्तर वेळेवर आवरतें तो कामचुकार, हें माझेंहि मत होतें. एकच मसुदा तीन-तीनदां स्वच्छ लिहून काढण्यांत मीं आयुष्याचीं कांहीं वर्षें घालविलीं असतील. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद आपल्या मोबाईलवर आपण करूं लागला, तेव्हां आम्हां जुन्या कारकुनांत मोठी कुजबुज झाली. बांधोबांधीं पायपीट केल्यावांचून झालेली नोंद खरी कशी मानावी, असें म्हणणाऱ्यांत मीहि होतों. त्या पद्धतींत उणिवा आहेत, नाहींत असें नाहीं. परंतु आमची मुख्य तक्रार उणिवांविषयीं नव्हती. पाय दुखल्यावांचून काम होतें, ही गोष्टच आम्हांस खुपत होती.

प्रायश्चित्त कीं काम ?

आमची वडिलार्जित जमीन भोर तालुक्यांत आहे. अडीच एकर, सगळीं भातखाचरें. थोरले बंधु अण्णा ती कसतात. मीं मात्र पुण्यास कसब्यांत दोन खोल्यांत संसार केला. भाऊ आणि वहिनी चिखलांत, आणि आपण पंख्याखालीं, ही टोचणी मला नेहमीं असे. म्हणून दर आषाढांत हक्काची रजा काढून मी लावणीस जात असें. माझ्या जाण्यानें काम किती उरकत असे हें अण्णाच जाणोत. परंतु चार दिवसांनीं पाठ धरून पुण्यास परतलों म्हणजे मनास बरें वाटे. आज विचार करितां दिसतें कीं, तें काम नव्हतें, प्रायश्चित्त होतें. प्रायश्चित्तानें मनावरचें ओझें हलकें होत असेल. खंडीभर भात त्यानें वाढत नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं मी निवृत्त झालों आणि त्याच उन्हाळ्यांत वहिनींनीं कंबरेच्या दुखण्यानें अंथरूण धरलें. चाळीस आषाढ ज्या बाईनें गुडघाभर चिखलांत वाकून काढले, तिला डॉक्टरांनीं सांगितलें कीं, यापुढें वाकूं नका. मजूर मिळेनात, जे मिळत त्यांची मजुरी झेपेना. पूर्वींची इर्जिक, म्हणजे आज तुमच्या खाचरांत तर उद्यां आमच्या, ती तर गांवांत राहिलीच नाहीं. तरुण मंडळी शिरवळच्या कारखान्यांत आणि पुण्यास गेली. तिकडे शहरांतून जमिनीचे दलाल मोटारीनें येत व भाव सांगत. एके रात्रीं अण्णा मला म्हणाले, "नाना, देऊन टाकूं. आपल्यानें आतां कष्ट होत नाहींत. ज्याला कष्ट होत नाहींत त्यानें जमीन ठेवूं नये."

हें वाक्य मला रात्रभर झोंबलें. जमीन खराब झाली नव्हती. पाऊस पळाला नव्हता. कर्ज डोईजड नव्हतें. जमीन जाणार होती ती केवळ एका समजुतीपायीं. म्हणून मीं ठरविलें कीं, जमीन विकण्यापूर्वीं ती समजूत एकदां तपासून पाहावी.

नांगराची गोष्ट

तपासणीस आरंभ नांगरापासून करावा हें योग्य, कारण शेतीचे कष्ट म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें नांगर उभा राहतो. दख्खनच्या काळ्या रानांत लांकडी नांगरास सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. पुढें १९०३ सालीं बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला. आज तो नांगर म्हणजे कृषिप्रगतीचें चिन्ह म्हणून आपण गौरवितों. परंतु त्या वेळीं तो कोणी घेईना, कारण लोखंड लागून जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांस भीति वाटत होती. त्यानंतर ट्रॅक्टर आला. जी खोल नांगरट आजोबांच्या काळीं कांहीं वर्षांनीं एकदां होई, ती दर उन्हाळ्यांत होऊं लागली. साधनानें कष्ट वांचविले, आणि वांचलेली जागा आपल्या समजुतीनें नव्या खर्चानें भरून काढली.

वास्तविक जमिनीस आपली मशागत आपण करण्याची शक्ति पुष्कळ आहे. काळें रान उन्हाळ्यांत तडकतें. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते. पाऊस पडतांच जमीन फुगते आणि खालची माती वर रेटली जाते. म्हणूनच काळी जमीन स्वतःच स्वतःस नांगरते असें भूगोलाच्या पुस्तकांतूनहि लिहिलेलें असतें. जेथें काळी माती नाहीं तेथें गांडूळ आहे. चार्लस डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८१ सालीं गांडुळांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. इंग्लंडांतील पुष्कळ भागांत दर एकरीं वर्षास दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाऊन वर येते, असा त्याचा अंदाज होता. आणि मनुष्यास नांगर सुचण्यापूर्वीं हा नांगर चाललेलाच होता, हें त्यानें दाखविलें.

अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत विस्तीर्ण नांगरटीचीं मैदानें वाऱ्यावर उडूं लागलीं आणि धुळीच्या वादळांनीं हजारों कुटुंबें परागंदा झालीं. त्यानंतर १९४३ सालीं एडवर्ड फॉक्नर या गृहस्थानें 'प्लाऊमन्स फॉली', म्हणजे नांगऱ्याची चूक, या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. काडीकचरा व पालापाचोळा नांगरानें खोल गाडल्यास तो पिकाच्या कामीं येत नाहीं, तो वरच्या थरांतच राहूं द्यावा, असें त्याचें म्हणणें होतें. त्यावर मोठा वाद माजला. परंतु नांगरलेंच पाहिजे काय, हा प्रश्न एकदां विचारला गेला तो गेलाच.

जपानांत शिकोकु बेटावर मासानोबु फुकुओका या शेतकऱ्यानें तोच प्रश्न आणखी पुढें नेला. हा मनुष्य वनस्पतिरोगशास्त्र शिकलेला. योकोहामाच्या जकात खात्यांतील नोकरी सोडून तो घरच्या शेतीवर परतला. इतर लोक आणखी काय करावें याचा शोध करीत असतां, काय केलें नाहीं तरी चालेल, याचा शोध यानें आयुष्यभर केला. नांगरणी सोडली, भाताच्या खाचरांत सर्व हंगाम पाणी तुंबविणें सोडलें, आणि कापणीनंतरचा पेंढा शेतावरच पसरला. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें पुस्तक जगभर वाचलें गेलें, आणि १९८८ सालीं त्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु त्यानें स्वतः कबूल केलेली एक गोष्ट आपण विसरूं नये. आरंभीं वडिलांची संत्र्याची बाग त्यानें एकाएकीं निसर्गाच्या हवालीं केली, छाटणी बंद केली, आणि ती झाडें फांद्यांत फांद्या अडकून, किडीनें ग्रासून मेलीं. सोडून देणें आणि टाकून देणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यास बाग गमावून मिळाला. आपणांस तो फुकट मिळत आहे.

आपल्याच प्रांतांतील दाखले

हें सर्व परदेशचें झालें. आमच्याकडे काय, असें कोणी म्हणेल. तर आमच्याकडेहि दाखले आहेत. पुण्याजवळ मांजरीस १९२३ च्या सुमारास कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले आणि पुढें १९३३ पासून ते सोलापुरास मोठ्या प्रमाणावर चालले. कानिटकर आदि शास्त्रज्ञांच्या त्या कामांतून जी पद्धति निघाली तींत बांधबंदिस्ती होती, कोळपण्या होत्या, आणि त्याबरोबर एक विलक्षण सांगणें होतें: बीं कमी टाका आणि ओळी दूर ठेवा. जेथें ओल थोडी तेथें दाट पेरा म्हणजे भावंडांनीं एकमेकांच्या तोंडचा घास काढणें होय. अधिक पेरलें म्हणजे अधिक उगवेल, ही समजूत सोडण्यांतच तेथें पीक होतें.

अलीकडच्या काळांत कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनीं, स्वतः कृषि-पदवीधर असून, नांगरणीवांचून भात व ऊस घेण्याचे प्रयोग वर्षानुवर्षें केले व त्यांविषयीं मराठींत सविस्तर लिहिलें. पीक कापल्यावर जमिनींत राहिलेलीं मुळें व बुडखे तेथेंच कुजूं द्यावे, तेंच उत्तम खत, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा आहे. आणि रायगड जिल्ह्यांत नेरळ येथें सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनीं भातासाठीं जी पद्धत बसविली, ती तर आम्हां भातवाल्यांच्या थेट उपयोगाची आहे. तींत एकदांच जमीन तयार करून सुमारें साडेचार फुटांच्या अंतरानें गादीवाफे पाडतात. वाफ्यावर लोखंडी साचा दाबून सारख्या अंतरावर भोकें पाडतात व प्रत्येक भोकांत भाताचे थोडे दाणे खतासह टाकतात. राब नाहीं, चिखलणी नाहीं, लावणी नाहीं. कापणीच्या वेळीं रोप उपटावयाचें नाहीं, मूळ आंत ठेवून कापावयाचें. आणि पुढचें पीक, मग तें वाल असो वा हरभरा, न नांगरतां त्याच वाफ्यावर घ्यावयाचें.

मुळाचें महत्त्व येथें नीट समजून घेतलें पाहिजे. मूळ कुजलें म्हणजे त्याच्या जागीं एक बारीक नळी उरते. त्या नळींतून हवा आंत जाते, पाणी खालीं उतरतें, आणि पुढच्या पिकाचें मूळ ती तयार वाट धरून जातें. नांगर फिरविला कीं त्या सर्व वाटा मोडतात, आणि मग नव्या मुळास वाट मिळावी म्हणून आपण पुन्हां नांगर फिरवितों.

चिखलणी कशासाठीं ?

आतां आमच्या खाचराकडे येऊं. भाताचीं कामें मीं एका कागदावर उतरून काढलीं आणि प्रत्येकासमोर 'कशासाठीं' लिहावयास अण्णांस बसविलें.

राब कशासाठीं? माघापासून शेण, पाला, कवळें, काटक्या डोईवर वाहून आणावयाच्या, रोपाच्या जागेवर पसरावयाच्या आणि जाळावयाच्या. हा राब आपल्याकडील इतका जुना प्रघात आहे कीं, पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे तेव्हांचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर यांच्यासह त्याची शास्त्रीय तपासणी करून १९१२ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. अण्णा म्हणाले, राब केल्यानें तणाचें बीं जळतें व रोप जोमानें येतें. उत्तर बरोबर होतें. मग रोप कशासाठीं? लावणीसाठीं. चिखलणी कशासाठीं? लावणी करतांना हात मातींत जावा म्हणून, पाणी खाचरांत ठरावें म्हणून, आणि तण गाडलें जावें म्हणून. पाणी कशासाठीं ठरवावयाचें? तण येऊं नये म्हणून. आणि लावणी कशासाठीं? भातानें तणापेक्षां महिनाभर पुढें असावें म्हणून.

अण्णा थांबले. मीहि थांबलों. पहिलें काम दुसऱ्यासाठीं, दुसरें तिसऱ्यासाठीं, अशी ती सांखळी होती, आणि शेवटच्या कडीस बांधलेला शत्रु एकच होता: तण. ज्या कामांत वहिनींची कंबर गेली तें काम भातानें मागितलेलें नव्हतें. तें तणानें मागितलेलें होतें. तणाचा बंदोबस्त दुसऱ्या कांहीं रीतीनें होत असेल, तर ती सगळी सांखळी गळून पडत होती.

शिवाय त्या सांखळीची किंमत निराळीच. चिखलणीनें मातीचे कण सुटे होतात, बारीक गाळ खालीं बसून घट्ट थर धरतो, आणि भात निघाल्यावर तेंच खाचर विटेसारखें कठीण होऊन तडकतें. मग त्यांत हरभरा घ्यावयाचा तर ढेकळें फोडीत बसा. तुंबलेल्या पाण्याखालच्या चिखलांतून मिथेन वायु निघतो व तो हवेंत उष्णता धरून ठेवतो, हेंहि आतां सिद्ध झालें आहे. एवढे कष्ट करून आपण जमीन बिघडवितों, आणि ती बिघडली म्हणून आणखी कष्ट करितों.

तीन हंगामांचा अनुभव

पहिल्या वर्षीं पांच गुंठ्यांवर वाफे पाडले. अण्णांनीं हात लावला नाहीं, बांधावर उभे राहून ते म्हणाले, "हें खाचर कीं आळशाचें अंगण?" गांवांतहि थट्टा झाली. आणि खरें सांगावयाचें तर त्या वर्षीं थट्टा करणाऱ्यांचाच जय झाला. मी कागद वाचून शहाणा झालेला. खुरपणी कधीं करावी हें कागदावर पाठ होतें, परंतु नेमक्या वेळीं पुण्यास एका लग्नांत अडकलों. आठ दिवस उशीर झाला आणि तणानें भात झांकून टाकलें. त्या पांच गुंठ्यांत अण्णांच्या चिखलणीच्या खाचराइतकें भात आलें नाहीं. सोडून देणें आणि टाकून देणें यांतला भेद मीं वाचला होता, तरी पाळला नव्हता.

दुसऱ्या वर्षीं मी पावसाळाभर गांवींच राहिलों. पावसाची झड लागण्यापूर्वीं पेरा उरकला. तण दोन पानांवर असतांनाच खुरपें फिरविलें. दोन ओळींमध्यें गवत व पेंढा पसरला. त्या वर्षीं भात शेजारच्या खाचरांच्या बरोबरीनें आलें. वाढीव आलें असें मी म्हणत नाहीं, बरोबरीनें आलें. परंतु लावणीचे मजूर लागले नाहींत, चिखलणीचा पॉवर टिलर भाड्यानें आणावा लागला नाहीं, आणि कापणीनंतर त्याच वाफ्यांवर न नांगरतां हरभरा टोकला तो उगवला. दसऱ्याच्या सुमारास एके सकाळीं अण्णांनीं वाफ्याची माती मुठींत घेतली. तींत गांडुळाच्या विष्ठेचे बारीक गोळे होते. ते कांहीं बोलले नाहींत; मूठ मात्र बराच वेळ तशीच धरून होते.

तिसऱ्या वर्षीं, म्हणजे गेल्या हंगामांत, एक एकर त्यांनीं आपण होऊन या पद्धतीखालीं आणला. लोखंडी साचा अण्णांच्या हातांत होता, आणि वहिनी बांधावर स्टुलावर बसून, कोणत्या भोकांत दाणे पडले नाहींत तें काठीनें दाखवीत होत्या. दलाल पुन्हां आला होता. अण्णांनीं त्यास चहा दिला आणि परत पाठविला.

सावधगिरीच्या चार गोष्टी

या लेखावरून कोणी आपला नांगर उद्यांच विकूं नये. पहिली गोष्ट, वाफे पाडण्याचें पहिल्या वर्षींचें काम हलकें नाहीं. तें एकदांच करावें लागतें, एवढाच लाभ. दुसरी, ज्या सखल खाचरांत पेऱ्याच्या वेळींच पाणी तुंबून राहतें, तेथें आधीं निचऱ्याची वाट काढली पाहिजे. तिसरी, हरळी व लव्हाळा यांसारखीं मुळानें पसरणारीं तणें ज्या रानांत माजलेलीं आहेत, तेथें तीं आधीं काढून टाकावीं. नाहीं तर वाफा तणांचाच होईल.

चौथी गोष्ट तणनाशकांची. नांगर सोडणारे पुष्कळ लोक ग्लायफोसेटसारख्या औषधांवर विसंबतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं हें औषध मनुष्यास बहुधा कर्ककारक या वर्गांत घातलें, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. घाम वांचविण्यासाठीं विष घेणें हा हिशेब मला मान्य नाहीं. आम्हीं खुरपें व पेंढा यांवर भागविलें. मोठ्या क्षेत्रावर तें कठीण आहे हें मी जाणतों, म्हणून प्रत्येकानें आपल्या भागांतील कृषि अधिकाऱ्यांचा व अनुभवी शेतकऱ्यांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळेच कष्ट समजुतीचे नसतात. ज्याच्या विहिरीस पाणी नाहीं, ज्याचा कांदा मातीमोल गेला, ज्याच्या उरावर सावकार बसला आहे, त्याला 'कष्ट सोड' असें सांगणें ही थट्टा होईल. त्याचा झगडा खरा आहे आणि त्यास सोबत्यांची व सोसायटीची मदत पाहिजे. मी बोलतों तें त्या कष्टांविषयीं, जे आपणांवर कोणी लादलेले नाहींत, जे केवळ केल्यावांचून चैन पडत नाहीं म्हणून आपण करितों. असे कष्ट सोडल्यानें मनुष्य आळशी होत नाहीं. उलट खरें काम करावयास त्याच्या अंगांत बळ उरतें. आमच्या शेतांत राबणें कमी झालें, पण पाहणें वाढलें. पूर्वीं अण्णा आषाढांत दिवसभर खालीं मान घालून असत. आतां ते वाफ्यावाफ्यानें हिंडतात, खेकड्यानें बांध कोठें पोखरला तें पाहतात, पान कोठें पिवळें पडलें तें पाहतात. तण दोन पानांवर असतांना दिसलें तर तासाचें काम. तेंच पंधरा दिवसांनीं दिसलें तर आठवड्याचें. आमच्या पहिल्या वर्षाच्या अपयशानें मला हेंच शिकविलें कीं, ज्यास कष्ट कमी करावयाचे आहेत त्यानें नजर अधिक दिली पाहिजे.

शेवटीं एक घरगुती गोष्ट सांगून पुरें करितों. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यांत दोन रात्रीं मुक्कामास असतात. भातवाल्यांचें दुर्दैव असें कीं, वारीचे दिवस आणि लावणीचे दिवस बहुधा एकच. आमचे अण्णा माळकरी, परंतु सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यांत त्यांस एकदांहि पालखी पाहण्यास मिळाली नव्हती. गेल्या वर्षीं पेरा झालेला, खुरपणीस अवकाश होता. वहिनींस घेऊन ते पुण्यास आले. भवानी पेठेंत पालखी विठोबाच्या दारीं रांगेंत आम्ही तिघे उभे होतों. अण्णा सारखे मागें वळून पाहत. काय झालें म्हणून विचारलें, तेव्हां म्हणाले, "कांहीं नाहीं रे. कोणी हांक मारील असें वाटतें, कीं खाचर सोडून इथं काय करतोस म्हणून."

कोणींहि हांक मारली नाहीं. दर्शन झालें, आणि परत जातांना वहिनींनीं तुळशीबागेंतून नातीसाठीं बांगड्या घेतल्या. चौथ्या दिवशीं अण्णा खुरपें घेऊन वाफ्यावर हजर होते.

शेतकरी बंधूंस विनंति एवढीच कीं, पुढच्या हंगामापूर्वीं एक कागद घ्यावा व त्यावर चार रकाने आंखावे: काम, दिवस, माणसें, कशासाठीं. चौथ्या रकान्यांत पिकाचें नांव येत असेल तें काम निष्ठेनें करावें. जेथें 'वडील करीत म्हणून' किंवा 'लोक काय म्हणतील म्हणून' एवढेंच उत्तर येईल, तें एक काम, फक्त दोन गुंठ्यांवर, फक्त एक वर्ष सोडून पाहावें, आणि जें काय होईल तें खरें खरें या मासिकाकडे लिहून पाठवावें. नुकसान झाल्यास तेंहि लिहावें. आमच्या पांच गुंठ्यांचें नुकसान वर लिहिलेंच आहे. त्यावांचून हा ताळेबंद जुळला नसता.